कवठ्याला एकच बाई

“पण ताई, दुधाची भुकटी करतात तेव्हा त्यातलं पाणी जातं कुठं?”

शरयूताई पुण्याहून आल्या होत्या त्या कवठे महांकाळच्या दूधकेंद्रातून कुणाला कमी करायचं ते ठरवायला. इथं असा प्रश्न समोर येईल असं त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. चहाचा पेला हातात तसाच धरून त्या म्हणाल्या, “वाफ होत असेल.”

“एवढ्या दुधाची वाफ? मग त्या कारखान्यावर सारखे ढगच असतील की!” गोदावरी म्हणाली आणि खरोखरच विचारात पडली.

गोदावरीचा स्वभावच चौकस. सांगलीला भावाच्या दारी कल्हईवाला आला, की भांडी राहायची बाजूला आणि आधी नवसागर कुठून येतो याची चौकशी व्हायची. “नसत्या उठाठेवी!” असं वहिनी म्हणायची आणि ते मुकाट्यानं ऐकून घ्यावं लागायचं. गोदावरीचा नवरा लष्करात कारकून होऊन मलायाला गेला, तो लढाई संपली तरी परतला नाही. गेल्याची तारही आली नाही. तेव्हापासून ती भावाकडे होती, धड पाहुणी नाही आणि धड घरचीही नाही.

मग देशोदेशीच्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका विलायती संस्थेनं दुष्काळी मुलखात दूधकेंद्रं उघडली आणि कवठ्याच्या केंद्रात गोदावरीला नोकरी मिळाली. जुन्या चावडीच्या पडवीत मुलांना दूध द्यायचं, त्यांची वजनं करायची. राहायला भाड्याची एक खोली होती. दाराला आतून कडी लावायची की नाही, हे आयुष्यात पहिल्यांदाच तिचं ती ठरवत होती. नोकरी गेली की कडी गेली, आणि मग आहेच वहिनीचं स्वयंपाकघर.

आता संस्थेनं फेररचना काढली होती. पैशाचा ओघ युरोपातल्या मुलांकडे वळला होता. साताऱ्याकडची आणि सांगलीकडची केंद्रं एकाच कचेरीखाली आणायची, मुलांची वजनं बंद करायची, आणि दोन बाया असतील तिथं एकच ठेवायची. शिरवळ आणि उंब्रज उरकून शरयूताई इथं पोचल्या होत्या. अंगावर खादीचं पातळ, पायात धुळीनं माखलेल्या चपला. वय गोदावरीपेक्षा कमीच, पण चेहरा फार दमलेला.

केंद्रातली दुसरी बाई म्हणजे राहीबाई. गावातलीच, हाडापेरानं मजबूत, लिहिण्यावाचण्याशी उभा दावा. पिंपात भुकटी घालून ती लाकडी रवीनं असं घुसळायची, की गुठळी औषधाला सापडायची नाही. आत्ताही तिची रवी चालूच होती.

तेवढ्यात बाया डबे परत घेऊन आल्या. ज्या घरचं मूल तान्हं किंवा आजारी असे, त्या घरी केंद्राच्या कडीच्या डब्यातून दूध जाई आणि दुसऱ्या दिवशी डबा परत येई. शालूबाईनं झाकण उघडलं, आतला ओंजळभर जोंधळा कोपऱ्यातल्या दुरडीत ओतला, डबा पुढं केला आणि दूध घेऊन निघून गेली. तिच्यामागच्या बाईनं बाजरी ओतली. एकीनं नुसत्या दोन मिरच्या टाकल्या.

शरयूताईंनी पेला खाली ठेवला. भिंतीवर पाटी होती. दूध मोफत आहे, कोणाकडूनही काहीही घेतले जाणार नाही.

“हे धान्य कसलं?” त्यांनी राहीबाईला विचारलं.

“त्यो जुंधळा व्हय? येतोय की रोज.”

“आणि जातो कुठं?”

“माझ्या घरी.” राहीबाई रवी न थांबवता म्हणाली. तिच्या मनात पाप असतं तर असं उत्तर दिलं असतं का? पण खरं बोलताना अर्धंच बोलायची तिला सवय होती.

शरयूताई गोदावरीला घेऊन पडवीबाहेर आल्या. लिंबाच्या सावलीत उभं राहून हळू आवाजात म्हणाल्या, “मला इथं एकच बाई ठेवायची आहे. काल रात्रभर विचार केला, ठरेना. हा प्रकार पाहिला आणि सुटले. फुकटच्या दुधाचा मोबदला घेणारी बाई मला ठेवता यायची नाही.”

गोदावरीच्या मनात काय आलं ते सांगून टाकलेलं बरं. तिला आनंद झाला. खोली राहिली, कडी राहिली, आणि त्यासाठी काही करायचंही नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. पण गप्प बसणं हे तिला जन्मात कधी जमलं नव्हतं. आत राहीबाई कुठल्याशा रडणाऱ्या पोराला “आलं रं, आलं” म्हणत होती. ते ऐकलं आणि गोदावरीला स्वतःच्या आनंदाची लाज वाटली.

“ताई, ते मी सुरू केलंय.”

“म्हणजे?”

“पहिल्या महिन्यात इथं कुणी फिरकेना. पोरं काडीसारखी, आणि बाया म्हणायच्या, भीक नको. मला राहवेना, मी घरोघर जाऊन विचारत सुटले. शेवटी या शालूबाईनं आजारी पोरासाठी डबा नेला, आणि दुसऱ्या दिवशी आणला तो मूठभर जोंधळा घालून. मी म्हटलं, हे कशाला? तर म्हणाली, आलेलं भांडं रिकामं परत धाडत न्हाईत, आक्का. मी तो जोंधळा परत केला असता तर ती पुन्हा आली नसती. मी ठेवून घेतला. मग हळूहळू सगळ्याच आल्या.”

“आणि राहीबाईच्या घरी जातो तो?”

“तिच्याकडे दळायचं जातं आहे. ती भरडून कण्या करून आणते, इथंच पोरांना दुधातून देतो. दुपारपर्यंत थांबा, तुम्हालाही वाढते.”

शरयूताईंनी पडवीतल्या दुरडीकडे वळून पाहिलं. मग म्हणाल्या, “कचेरीला का नाही कळवलंत?”

“कळवलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता.”

“म्हणालेच असते.” त्यांनी कपाळ चोळलं. “तुम्ही मला चांगलंच कात्रीत धरलंत, गोदावरीबाई. आता नियम कुणी मोडला हे मला ठाऊक झालं. विचारलं तर मला खोटं सांगता येत नाही.”

“म्हणजे मी जाते.”

“हो.”

गोदावरीची खोली गेली, कडी गेली. तरीही खोड काही जाईना. “ताई, एक विचारू? तुम्हाला ठेवलंय का?”

शरयूताईंनी चमकून पाहिलं. इतक्या गावांत इतक्या बायांना त्यांनी कमी केलं होतं. कुणी रडल्या होत्या, कुणी शिव्या घातल्या होत्या. हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

“सगळ्यांना कमी करून झालं की मग मी,” त्या म्हणाल्या, आणि लिंबाच्या पाराला टेकून खालीच बसल्या. गोदावरीनं आतून नुकत्याच घुसळलेल्या दुधाचा पेला आणून त्यांच्या हातात दिला.

राहीबाईला समजलं तेव्हा ती रवी टाकून उठली. “आवं आक्का, तुमी बोलला कशापाय? माझं घर हाय हितं, मळ्यात खुरपायला गेले असते. तुमी कुटं जाणार?”

“भावाकडे.”

“लय वंगाळ झालं,” राहीबाई म्हणाली आणि पदर तोंडाशी धरून रडली. गोदावरीही रडली. पोरं दोघींकडे बघत दूध पीत राहिली.

मिरजेकडे जाणाऱ्या मोटारीत गोदावरीशेजारी एक शेतकरी बाई तान्ह्या मुलाला घेऊन बसली होती. पायाशी गाठोडी, डोक्यावरचा पदर घामानं भिजलेला. गाठोडी सावरता येईनात, तेव्हा तिनं मूल सरळ गोदावरीच्या मांडीवर ठेवलं. “धरा जरा, बाई.”

गाडी हलली. गोदावरीनं तिला काहीच विचारलं नाही, गाव नाही की मुलाचं नावही नाही. बाईनंच सुरुवात केली.

“कवठ्याला काय करता तुमी?”

“पोरांना दूध पाजते.”

“चांगलं काम हाय की. मग आज सुट्टी व्हय?”

रस्त्याची धूळ खिडकीतून आत येत होती. गोदावरीनं पदर ओढून मुलाच्या तोंडावर धरला.

“व्हय,” ती म्हणाली.