निरोप पाळी सुटल्यावर

मंडळी, आपल्यापैकी ज्यांनी कुणाच्या हाताखाली नोकरी केली आहे, त्यांना ‘आधी काम उरका, मग बघू’ हे वाक्य तोंडपाठ असेल. वालचंदनगरच्या अलीकडं पंपाचे सुटे भाग बनवणारा एक छोटा कारखाना आहे. तिथं या वाक्याचा नियमच झाला होता. कामगाराच्या घरून निरोप आला, तर तो पाळी सुटल्यावरच द्यायचा. मोबाईल फाटकावरच्या कपाटात जमा. निरोप यायचा तो सुपरवायझर दादासोंच्या टेबलावरच्या फोनवर, आणि तिथंच अडकून पडायचा.

नियम दुष्टपणानं केलेला नव्हता, हे आधी सांगितलं पाहिजे. फार वर्षांपूर्वी सावळाराम नावाच्या कामगाराला कामावर असताना भावाच्या मरणाची बातमी कळली, आणि त्याच पाळीत त्याची बोटं प्रेसखाली गेली. तेव्हापासून सगळ्यांनी कानाला खडा लावला. दादासो तर नव्या पोरांना अभिमानानं सांगायचे, “हितं माणसाचा जीव आधी, निरोप मागनं.”

त्या दिवशी मात्र मशिनं बंद होती. हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. कामावरचा ताण आणि कामगाराचं मनःस्वास्थ्य या विषयावर प्रशिक्षण द्यायला पुण्याहून राजेश्वरी मॅडम आल्या होत्या. खुद्द मालक येऊन बसणार, म्हणून दादासोंनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, “एक बी खुर्ची रिकामी दिसता कामा न्हाय.”

बिरूला त्यांनी मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं होतं. पोरगा कामाला वाघ, गटप्रमुखाच्या जागेसाठी त्याचं नाव पुढं होतं. त्याच्या आईला सकाळपासून धाप लागली होती. तो राहतो म्हणत होता, पण आईच म्हणाली, “जा बाबा. तुझ्या बढतीचं हाय. मी कुठं पळून चाललीया?” म्हणून तो आला होता.

प्रशिक्षण रंगात आलं आणि इकडं टेबलावरचा फोन वाजला.

“साहेब, मी बिरूची घरवाली, सारजा बोलतीया. आमच्या घरधन्यास्नी तेवढं लावून द्या. आत्यास्नी इंदापूरला दवाखान्यात आणलंय, लई जड चाललंय. ‘बिरू आला का, बिरू आला का’ म्हणून दाराकडंच बघत्यात वो.”

“सांगतो, बाई. काळजी करू नका,” दादासो म्हणाले.

आणि ते खरोखरच उठले. हॉलच्या दारापर्यंत गेले. बिरूच्या पलीकडंच मालक बसलेले दिसले, आणि त्यांचा पाय तिथंच थबकला. पाळी सुटायला आता कितीसा वेळ, भरल्या हॉलमधून माणूस उठवायचा कसा, नियम तो नियम, असं बरंच काही त्यांनी स्वतःला सांगितलं. माणसाला स्वतःची समजूत घालायला कधी दुसरा लागत नाही!

तेवढ्यात मॅडमनी विचारलं, “आज इथं बसलेल्या कुणाच्या मनावर काही ओझं आहे का? मोकळेपणानं सांगा.”

सगळे एकमेकांकडं बघू लागले. शेवटी बिरू उठला. “न्हाय मॅडम. आई जरा आजारी हाय, पण काय लागलं तर घरनं फोन येतोय. दादासो साहेब हायेत की. समदं झ्याक हाय.”

टाळ्या पडल्या. दारात उभ्या असलेल्या दादासोंनीही वाजवल्या.

फोटो झाले, पेढे वाटले गेले, हॉल रिकामा झाला. मग दादासोंनी बिरूला बाजूला घेऊन निरोप सांगितला. बिरूनं गाडी कशी मारली, त्याचं त्यालाच ठाऊक. तो पोचला तेव्हा नर्स आईच्या तोंडावर चादर ओढत होती. त्याच्या खिशात तिच्यासाठी कागदात बांधलेला पेढा होता.

दादासो म्हाताऱ्या सावळाराम तात्यांना घेऊन लासुर्ण्याला बिरूच्या घरी भेटायला गेले. सारजानं पाणी दिलं, पण वर पाहिलं नाही. बिरू मात्र शांतपणे बोलला.

“साहेब, एकच विचारतो. मी झ्याक हाय म्हणलो, तवा तुमी दारात हुबं व्हता. तुमास्नी ठावं व्हतं का?”

दादासोंनी मान खाली घातली. “व्हय.”

बिरू उठून आत गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं दादासोंना वाटलं.

परतताना ते तात्यांना म्हणाले, “तात्या, तुमच्या बोटांपायीच तर ह्यो नियम झाला. माझं काय चुकलं?”

तात्यांनी गाडी थांबवायला लावली. आपला थोटा पंजा त्यांच्यापुढं धरला.

“दादासो, ही बोटं निरोपानं न्हाय गेली. निरोप मिळाला तवा मी म्हणलो, घरी जातो. सायेब म्हणाला, एवढा माल काढ आन् मग जा. डोळ्यांत पानी, म्होरं प्रेस. बोटं तवा गेली. मानूस दुःखात अस्ताना त्याला कामाला जुपलं, ही चूक व्हती. तुमी ती चूक तेवढी राखली आन् निरोप बंद केला! आन् त्या दिशी तर मशिन बी बंद व्हतं. बिरू खुर्चीवर बसला व्हता रं, खुर्चीवर!”

दादासो रस्त्याच्या कडेला बसले आणि ओक्साबोक्शी रडले. इतकी वर्षं ज्या नियमाचा टेंभा मिरवला, तो मुळातच उलटा शिकलेला धडा होता!

दुसऱ्या दिवशी ते मालकांपुढं उभे राहिले. निरोप आला की मशिन बंद, निरोप लगेच, आणि माणसाला घरी पोचवायला सोबतीला एक जण, एवढंच त्यांचं मागणं होतं. मालक कुरकुरले, कामाचा खोळंबा होईल म्हणाले. दादासो म्हणाले, “मग हितनं म्होरं फोन तुमच्या टेबलावर ठिवा, साहेब. ते वझं मला व्हत न्हाय.” मालकांनी मान डोलावली. नियम बदलला.

पुढं उन्हाळ्यात गेणू नावाच्या कामगाराच्या घरून फोन आला. त्याच्या वडिलांना झटका आला होता. दादासो धावत गेले, स्वतःच्या हातानं मशिन बंद केलं, गेणूच्या खांद्यावर हात ठेवून निरोप सांगितला. सोबत कोण जाणार, असं त्यांनी विचारायच्या आत बिरूनं हातमोजे काढून ठेवले होते.

बिरू परतला तेव्हा दादासो फाटकावरच उभे होते. “गाठ पडली का रं?”

“पडली, साहेब. बोलला बापाशी. हात हातात घेऊन बसलाय,” बिरू म्हणाला, आणि आईच्या मरणानंतर त्या फाटकाच्या आत पहिल्यांदा ढसाढसा रडला.

मंडळी, कामगाराचं मन जपायचं म्हणून आपण हॉल भरवतो, पाहुणे बोलावतो, पेढे वाटतो. ते जरूर करा. पण कुणाच्या घरचा निरोप आपल्या हातात पडला, तर तो आपला नाही, त्याचा आहे, एवढं ध्यानात ठेवा आणि आधी तो पोचवा. पाळी उद्याही भरते. बिरूची आई मात्र दाराकडं बघतच गेली.