दुसरा कागद

दहा शब्द विचारायचे होते, बस्स. पण चार दिवस झाले तरी ठमीचं धाडस होईना. कागद पिशवीत, पिशवी खुंटीला, आणि बाईसाहेब घरभर कामं उकरून काढताहेत. रविवारी सकाळी तर तिनं धुतलेले डबे पुन्हा धुतले. चौतीस वर्षांची बाई, हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट म्हणून अकरा वर्षं भल्याभल्यांना पायांवर उभं केलेलं, आणि स्वतःच्या बापाला दहा शब्द विचारायला भिते! हसू यावं अशी गोष्ट. पण खुंटीपाशी जाऊन ती दर वेळी माघारी फिरत होती.

झालं होतं असं. पाच तासांवरच्या एका विद्यापीठात तिला पीएचडीची जागा मिळाली होती. म्हातारपणी माणूस धडधाकट राहतो तो कशानं, हा विषय. चार वर्षं, फी माफ, वर दरमहा विद्यावेतन. पस्तिशीनंतर अर्जच घेत नाहीत, तेव्हा संधी ही शेवटचीच. होकार कळवायची मुदत सोमवारी दुपारी बारापर्यंत. आई जाऊन चार वर्षं झाली होती, धाकटा भाऊ जहाजावर, सहा-सहा महिने त्याचा पत्ता नसायचा. घरात बाबा आणि ती, दोघंच. बाबा ठणठणीत असले तरच ती जाणार होती, आणि ते ठणठणीत आहेत हे तिनं स्वतःच्या हातानं कागदावर मांडलं होतं.

गाईड मॅडमनी सांगितलं होतं, येण्याआधी चाचण्यांवर हात बसवून घे, सत्तरीपुढची माणसं गाठ. खुर्चीतून पाच वेळा उठबस, चार मीटर चालणं, मुठीची ताकद, आणि दहा शब्द वाचून दाखवायचे नि पाच मिनिटांनी परत विचारायचे. आता बाहेरची माणसं कुठं शोधत बसायची? घरचे बाबा होतेच की. बहात्तर वर्षांचे टेलर मास्तर, चाळीस वर्षं गिऱ्हाइकांची मापं वहीत न लिहिता डोक्यात ठेवणारे. ठमी दर रविवारी त्यांना समोर बसवायची. पहिल्या रविवारी सहा शब्द आठवले. मग सात, मग नऊ, आणि पुढचे चार रविवार दहाच्या दहा.

"उलटा चाललोय मी," बाबा म्हणायचे, "पुढच्या वर्षी दुधाचे दात येतील बघ."

ठमी हॉस्पिटलभर सांगत सुटली. आणि बुधवारी मॅडमचा फोन आला.

"कागद पाहिले तुझे. अगं, दर वेळी हेच दहा शब्द विचारलेस? दुसरा कागद दिला होता ना?"

"हो, पण मी नुसता हात बसवत होते, म्हणून म्हटलं..."

"मग तू त्यांची आठवण नाही मोजलीस बाई, पाठांतर मोजलंस. दुसरा कागद घे, एकदा विचार आणि कळव मला."

ठमी हॉस्पिटलच्या जिन्यातच बसली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! नव्या आलेल्या पोरींना हीच तर तंबी देत होती ती, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारू नका म्हणून. आणि मग एकेक आठवायला लागलं. महिनाभरात दूध तीनदा करपलं होतं. पाव आणायला गेलेले बाबा दीड तासानं रिकाम्या हातानं आले होते, "जुना मित्र भेटला" म्हणाले होते. कुठला मित्र, हे तिनं विचारलंसुद्धा नव्हतं. दहापैकी दहा मिळवणाऱ्या माणसाला कोण विचारतं?

शेवटी रविवारी दुपारी अकरावा डबा पुसून झाल्यावर तिनं पिशवी खाली काढली.

"या मास्तर, परीक्षा."

बाबा इस्त्रीचा शर्ट घालूनच आले. दर रविवारी घालायचे. ठमीनं दुसरा कागद उघडला आणि आवाज शक्य तितका सरळ ठेवून वाचलं. कुलूप, गाजर, नदी, टोपी, मामा, कागद, बदक, झाडू, ऊन, पेटी. बाबा मान डोलवत ऐकत होते. मग उठबस झाली, चालणं झालं, मूठ आवळून झाली. सगळं झकास. पाच मिनिटं भरली.

"हं, सांगा आता."

बाबांनी डोळे मिटले आणि धडाधड म्हणून दाखवलं. "शिडी, लिंबू, खिडकी, बहीण, ढग, चमचा, दोरी, राजा, साबण, पूल! दहा. लिही."

ठमीच्या हातातलं पेन तसंच राहिलं. एकही शब्द आजचा नव्हता. चार-पाच चुकले असते तरी तिनं मनाची समजूत घातली असती. पण हे असं, खुशीत, छाती काढून!

"बाबा," ती म्हणाली, "हे शब्द मी आज वाचलेच नाहीत."

बाबा हसले. मग हसू हळूहळू उतरलं. ते उठले, कपाटाशी गेले, दार उघडलं आणि दाराच्या आतल्या बाजूला बघत उभे राहिले. ठमी मागे जाऊन उभी राहिली. कापडावर खुणा करायच्या खडूनं तिथं मोठ्या अक्षरांत दहा शब्द लिहिले होते. शिडी, लिंबू, खिडकी. अक्षरं पुसट झाली होती तिथं पुन्हा गिरवलेली होती.

"बरोबरच तर आहेत," बाबा पुटपुटले.

 ठमी पलंगावर बसली आणि रडायच्या ऐवजी ओरडली. "कॉपी? या वयात? मला फसवलंत तुम्ही!"

"फसवलं," बाबा म्हणाले. "मग काय करू? त्या दिवशी पाव आणायला गेलो नि रस्ताच ओळखीचा वाटेना. आपलाच रस्ता गं! चप्पलवाल्यानं हाताला धरून घरी आणलं. तुला सांगितलं असतं तर गेली असतीस तू? आईच्या दुखण्यात एकदा अर्ज फाडलास. पुन्हा नाही फाडायचा."

"मी नाही जात."

"तू घरी बसलीस म्हणून माझं डोकं परत येणारे का? डॉक्टरला दाखव, धाकट्याला बोलाव, खालच्या नर्सबाईंना सांग, काय हवं ते कर. पण होकार पाठव. आत्ता, माझ्यासमोर."

"आणि तुम्हाला भीती नाही वाटत?"

"छट्! भीती कसली?"

दोघं तासभर भांडले. शेवटी बाबांनी मोबाइल तिच्या हातात कोंबला आणि ती होकार लिहीपर्यंत जागचे हलले नाहीत. गेला, असं तिनं दाखवल्यावर त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. रात्री दोघंही बरं जेवले. डॉक्टरची वेळ घ्यायची, धाकट्याला कळवायचं, असं सगळं ठरलं. ठमीला वाटलं, कठीण आहे, पण बाप खंबीर आहे. निभेल.

सोमवारी सकाळी ती चहा घेऊन आली तेव्हा बाबा वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाले, "काय गं ठमे, त्या पीएचडीचं काय झालं? आलं का पत्र?"

ठमीला वाटलं, चेष्टा करताहेत. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. चेष्टा नव्हती. कालचं भांडण, कपाटाचं दार, मोबाइल, डोक्यावरचा हात, काही म्हणता काही तिथं उरलं नव्हतं.

"आलं," ती म्हणाली. "बोलावलंय."

"वा!" बाबांचा चेहरा फुलला, आणि लगेच उतरला. त्यांनी कप खाली ठेवला, तिची बाही पकडली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पण मला हल्ली एकट्याला फार भीती वाटते गं. कुणाला सांगितलं नाही मी. तू नाही ना जाणार?"

साडेनऊ वाजले होते. होकार कालच पोचला होता. काल पाठवणारा बाप खरा, की आज बाही धरून बसलेला, हे ती कुणाला विचारणार होती?

"नाही बाबा," ती म्हणाली. "नाही जाणार."

बाबांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि चहा प्यायला लागले. उद्यापर्यंत विसरतीलच हे, असं ठमीच्या मनात येऊन गेलं. आणि बापाच्या दुखण्याला भ्यायली नव्हती इतकी ती त्या एका विचाराला भ्यायली.