खिशातला फ्यूज

घोडपदेवच्या त्या गाळ्यात लिफ्टचे पॉवर सप्लाय दुरुस्त व्हायचे आणि मालक शामराव यांचा शब्द तिथे शेवटचा असायचा. दसऱ्याच्या सकाळी मात्र त्यांच्या टेक्निशियनने, संघमित्राने, कामाच्या टेबलाला वीज देणारा फ्यूज उपटला आणि सरळ खिशात घातला.

भांडण स्कोपवरून होतं. विजेच्या लाटा पडद्यावर दाखवणारं हे यंत्र म्हणजे शामरावांचं लाडकं लेकरू. पण त्याची क्लिप आतून अर्थिंगला जोडलेली; ती सप्लायच्या मेन लाइनला लावली की फ्यूज उडायचा. शामरावांनी त्यावर जालीम उपाय काढला. स्कोपच्या प्लगची अर्थिंगची पिनच कापून टाकली! कुत्रा भुंकतो म्हणून त्याचं तोंड बांधायचं आणि चोराला दार उघडं ठेवायचं, तसलं हे शहाणपण. आता क्लिपमधली वीज थेट स्कोपच्या पत्र्यावर येऊन बसायची. संघमित्राने नवा प्लग लावला, तर त्याचीही पिन कापली गेली.

"फ्यूज दे. पूजेला मशीन चालू पाहिजे, पडद्यावर रेघ दिसली पाहिजे," शामराव म्हणाले. त्यांच्या पत्नी कालिंदीबाई पूजेचं ताट घेऊन उभ्या होत्या.

"नाही देणार. आधी अर्थिंग."

"इतकी वर्षं असंच काम करतोय. मेलो का?"

"मेला असतात, तर विचारायला आला असतात का?"

शामरावांचा पारा चढला. "तुम्हा लोकांना आमच्या पूजेचं वावडंच! नोकरी नको असेल तर चालू पड."

संघमित्राचं घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं. पण भीतीपेक्षा संताप मोठा होता. तिचे वडील गणपत गिरणीत वायरमन होते. ज्याचा हात मशीनमध्ये, फ्यूज त्याच्या खिशात, हे त्यांनी तिला लहानपणीच शिकवलं होतं.

"माझं भांडण पूजेशी नाही, त्या कापलेल्या पिनेशी आहे," ती म्हणाली. "कामावरून काढायचं तर खुशाल काढा."

शामरावांनी पंख्याचा फ्यूज काढून टेबलाच्या खाचेत बसवला. पंखा थांबला, स्कोपवर हिरवी रेघ उमटली. क्लिप काल दुरुस्तीला घेतलेल्या सप्लायच्या मेन लाइनला तशीच अडकलेली होती. जिंकल्याच्या तोऱ्यात त्यांनी दोन बोटं ओल्या कुंकवात बुडवली आणि स्कोपच्या पत्र्याकडे नेली.

"थांबा!" संघमित्रा मध्ये घुसली. टेस्ट लॅम्पची, म्हणजे वीज तपासायच्या बल्बची, एक वायर तिने पत्र्याला टेकवली, दुसरी बोर्डाच्या अर्थिंगला. बल्ब भक्कन पेटला; पत्र्यात वीज होती.

शामरावांची बोटं हवेतच राहिली होती.

"अहो, हात मागे घ्या!" कालिंदीबाई किंचाळल्या. "ही सांगते ते होईपर्यंत माझं ताट या टेबलावर येणार नाही."

शामराव स्टुलावर बसले. मग उठले, पंख्याचा फ्यूज काढला आणि संघमित्रापुढे धरला. तिने तोही खिशात टाकला आणि पक्कड घेऊन स्कोपला अर्थिंगच्या पिनेसकट नवा प्लग बसवायला घेतला.

"आता परत फ्यूज उडत राहणार," ते पुटपुटले.

"दुरुस्तीच्या सप्लायला मेन लाइनपासून अलग ठेवणारा ट्रान्सफॉर्मर आणा, नाही उडणार. तोवर उडू दे. माणूस जाण्यापेक्षा वीज गेलेली बरी."

शामरावांनी पहिलं कुंकू नव्या प्लगला लावलं. पडद्यावर रेघ नव्हती, पंखाही बंद होता, सगळे घामाने निथळत होते. दोन्ही फ्यूज संघमित्राच्या खिशात होते आणि मशीनवर ओले हात फिरत होते तोवर, पूजा संपेपर्यंत, तिने ते दिले नाहीत.