शिशाचं अंगण

सकाळची भांडी आटोपून सून अंगणात धुणं घेऊन बसली. नवऱ्याच्या शर्टाला बाहीपाशी पुन्हा भोकं पडली होती. बॅटरीतलं अ‍ॅसिड कपडा असंच खातं. शर्ट पाण्यात बुडवताच राखाडी गाळ सुटला. तिने पाणी ओतलं तिथे पूर्वी भाजीचा वाफा होता. आता गवतही धरत नव्हतं. पलीकडच्या कोपऱ्यात भट्टी धुमसत होती.

साऱ्या गल्लीचा हाच धंदा. दूरच्या श्रीमंत देशांतल्या गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या जहाजाने बंदरात यायच्या, तिथून ट्रकने इथे. घरोघरची माणसं त्या फोडायची, आतलं शिसं वितळवून लाद्या पाडायची आणि त्या लाद्या पुन्हा जहाजावर चढायच्या. तिकडे भरवस्तीत अशी भट्टी पेटवायला मनाई होती. त्यामुळे तिकडची हवा स्वच्छ राहायची आणि धूर तेवढा इथे मुक्कामाला असायचा. "आपल्याकडे डास नाहीत बघ," शेजारी हसून म्हणायचा, "त्यांनाही जीव प्यारा आहे."

गल्लीतले पाळणे रिकामे राहू लागले होते, त्यावर मात्र कुणी विनोद करत नसे. या सुनेचं तिसरं मूलही नुकतंच पोटातच गेलं होतं. अशा बाईचा निकाल गल्लीने कधीचाच लावून ठेवला होता: तिच्यातच खोट आहे म्हणायचं, तिला माहेरी धाडायचं आणि मुलाला दुसरी करून द्यायची. सासूने बोलणी सुरूही केली होती. सासू दुष्ट नव्हती. सुनेचं डोकं ठणकलं की स्वतः चेपून द्यायची. पण चार घरांत जे होतं तेच आपल्या घरात व्हायचं, एवढंच तिला माहीत होतं.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सुनेचं रक्त तपासायला पाठवलं होतं. त्या मुद्दाम घरी आल्या आणि सगळ्यांना समोर बसवून बोलल्या.

"हिच्यात काही खोट नाही. हिच्या रक्तात शिसं आहे. तुमच्याही असणार. भट्टी घरापासून लांब न्या. नाहीतर कुठलीही सून आणलीत तरी हेच होईल."

नवऱ्याच्या मनाला ते लागलं. तो तसाच उठून माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्याकडे गेला. गल्लीत त्याला बंदरवाला म्हणत.

"तुझं पटतं मला," बंदरवाला म्हणाला. "पण भट्टी लांब नेली की जागेचं भाडं चढतं, लादी महागते. तिकडचं गिऱ्हाईक एका फोनवर दुसऱ्या गावाकडे वळतं. मी काय करू? मीही मधलाच माणूस."

"मग वर कोण आहे? त्याच्याशी बोलतो मी."

"वर कोण आहे ते मलाही ठाऊक नाही. मी नुसता फोनवरचा आवाज ऐकलाय."

नवरा परत आला आणि त्याने भट्टी पेटवली. "ही विझली तर चूलही विझेल," तो बायकोकडे न बघता म्हणाला.

"म्हणजे भट्टी बदलण्यापेक्षा बायको बदलणं सोपं," ती म्हणाली. तो बराच वेळ निखारे सारत राहिला.

पुढच्या आठवड्यात मुलीकडची माणसं घर बघायला आली. मुलगी आणि तिची आई. दोघी नदीकाठच्या एका गावाहून आल्या होत्या. चहा सुनेनेच केला. मुलगी अगदी कोवळी होती. कप घेताना तिने हिला "ताई" म्हटलं. त्या एका शब्दाने सुनेला राहवलं नाही.

"मावशी, हिला इथे देऊ नका. या अंगणात मूल जगत नाही. माझी तीन गेली. भट्टीचं विष आहे ते."

मुलीची आई थंडपणे म्हणाली, "सवत कुणाला हवी असते, बाई? तुझं दुःख समजतं मला." आणि ती सासूकडे वळली. "तुम्ही सांगा. तुमच्या तोंडून ऐकते."

आता सगळं सासूच्या एका शब्दावर होतं. मुलगा जमिनीकडे बघत होता. सून खोटं बोलतेय म्हटलं असतं तर महिन्याभरात घरात नवी सून आली असती. सासूने त्या मुलीकडे पाहिलं. कप दोन्ही हातांत धरून ती भिंतीवरची काजळी न्याहाळत होती.

"खरं बोलतेय ती," सासू म्हणाली. "तिन्ही मी माझ्या हातांनी पुरली. एकही रडलं नाही. खोट हिच्यात नाही. हिला मी कुठेही पाठवणार नाही आणि दुसरीचा बळीही देणार नाही."

सून दाराला धरून उभी राहिली. इतक्या वर्षांत तिच्या बाजूने या घरातलं कुणी पहिल्यांदाच बोललं होतं.

मुलीची आई मात्र उठली नाही. तिने पदराने तोंड पुसलं. "आमच्याकडे कपडे रंगवायचे कारखाने आहेत," ती हळूच म्हणाली. "परदेशी दुकानांत जातात ते कपडे. ज्या रंगाची मागणी त्या रंगाची नदी. हिच्या थोरल्या बहिणीच्या अंगावर चट्टे उठले, पाठोपाठ मूत्रपिंडं गेली. गेल्या वर्षी वारली ती. निदान ही तरी त्या पाण्यापासून लांब जावी म्हणून इथवर आले होते." मग तिने सासूचा हात धरला. "तुम्ही खरं सांगितलंत, उपकार झाले. पण आता मी मुलगी द्यायची कुठे?"

  आगीतून निघालेल्या माणसाला सासू-सुनेने फुफाटा तेवढा दाखवला होता. वाट त्यांच्यापाशीही नव्हती.

दोघी मायलेकी नदीकडच्या रस्त्याने परत गेल्या. थोड्या वेळाने बंदराकडून ट्रक आला आणि नवरा माल उतरवायला उठला. सासूने त्याला अडवलं नाही. ती सुनेजवळ उंबऱ्यावर येऊन बसली.

दोन बायकांनी आपल्या घरापुरती एक दुष्ट रीत मोडली. त्याहून जास्त त्यांच्या हातात नव्हतं. त्या आईचा प्रश्न अजून रस्त्यावर उभा आहे. आपल्या गाडीत कुणाच्या अंगणातलं शिसं आहे आणि अंगावरच्या कपड्यात कुणाच्या नदीचा रंग आहे, हे ज्यांनी विचारायचं ती दूरची माणसं जिथे राहतात, तिथेच त्याचं उत्तर मिळायला हवं.