दर्शनाची झोप आणि माझं पंचशील

दर्शना, माझी लेक, बाळंतपणाला आमच्याकडे मुलुंडला आली आणि आमच्या घराची धर्मशाळा झाली. मुलगी झाली, गोड झाली, सगळ्यांना बघायची घाई. लोक येणार, त्याला माझी ना नाही. पण यायचे ते नेमके भर दुपारी, बाळाचा डोळा लागला की.

डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, बाळ झोपलं की आईनंही आडवं व्हायचं. टाके ओले आहेत, फार वेळ बसायचं नाही. आणि ही पोर पाहुण्यांपुढे एका बाजूवर भार टाकून, तोंडावर हसू आणून बसलेली. रात्री बाळ झोपू देत नव्हतं, दुपारी नातेवाईक. काल तर तिनं दात घासायला बाळाचं मलम ब्रशवर घेतलं. मी हसले, तशी ती रडायलाच लागली. मग मात्र माझं काळीज हललं.

"आई, आज कुणी आलं तर सांग, दर्शना घरात नाही."

"अगं, रोज सकाळी बुद्धांपुढे हात जोडून खोटं बोलणार नाही म्हणते मी. आणि दुपारी दारात उभी राहून थापा मारू?"

"मग आजच्या दिवस पंचशील संध्याकाळी घे ना!"

मी कानांवर हात ठेवले. पण भाजी निवडता निवडता मनात आलं, खोटं बोलायचं नाही हे खरं. खरं किती बोलायचं, याला कुणी माप घालून दिलेलं नाही.

तेवढ्यात बेल वाजली. दारात सांताक्रूझचे भाऊराव भावजी, ह्यांचे चुलतभाऊ.

"काय वहिनी, कुठंय आमची पोरगी? बोलवा बाहेर! पाच मिनिटं बसतो."

त्यांची पाच मिनिटं म्हणजे दोनदा चहा आणि एकदा पोहे.

"या ना भावजी." माझा आवाज मुळातच हळू. "आत्ताच टबातून उठून आडवी झालीय. उठवू का?"

"टबातून?"

"कोमट पाण्यात बसवते मी तिला. खालचे टाके आहेत ना. तसं आज बरं आहे, पण सकाळी शौचाला बसताना..."

"वहिनी, वहिनी..."

"आणि दूध दाटून नुसते दगड झालेत हो. छातीवर कोबीची पानं ठेवलीत गार करून. तुमच्या ओळखीत कुणी..."

"झोपू द्या! झोपू द्या तिला!" भावजींनी फळांची पिशवी टीपॉयवर ठेवली आणि लिफ्टची वाटही न बघता ते जिन्यानं उतरले. मी दाराआड तोंडात पदर कोंबून हसले. हसण्याला मनाई नाही.

पण पाठोपाठ आल्या विहीणबाई. शेवंतीबाई, आमच्या जावयाच्या, प्रबुद्धच्या आई. हातात मोबाइल तयार.

"दर्शनाला म्हणावं, गाऊन बदल, जरा पावडर लाव. गावच्या लोकांना व्हिडिओ कॉलवर दाखवायचंय. सगळे जमलेत तिकडं."

मी माझं खरं सुरू केलं. टब झाला, टाके झाले. बाईंची पापणी हलेना. कोबीपर्यंत आले तरी त्या खुर्चीत तशाच. आता ही पोर उठणार, बसणार, हसणार.

"झालं का सांगून?" शेवंतीबाई म्हणाल्या.

"हो," मी पुटपुटले. "म्हणजे, बरंचसं."

त्यांनी मोबाइल मांडीवर उलटा ठेवला. "माझ्या प्रबुद्धच्या वेळी घर भरलेलं. टाके उसवले तरी मी आपली चहा गाळतेय. बाई, दुखतंय का म्हणून एकानं विचारलं नाही. आणि आज मीच निघाले तिला पावडर लावायला."

मग त्या एकदम उठल्या.

"तुम्ही फार हळू बोलता, विहीणबाई. असं एकेकाला दारात सांगून कधी पुरं होणार?"

त्यांनी दोन्ही घरांच्या ग्रुपवर आवाजातला मेसेज सुरू केला. आवाज असा की खालच्या वॉचमननंही मान वर केली असावी. टब, टाके, कोबी, शौच, काही सोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "ज्याला बाळ बघायचंय त्यानं आधी फोन करायचा, येताना डबा आणायचा आणि जाताना भांडी घासून जायचं!"

"अहो, पुरुषमाणसं आहेत ना ग्रुपवर!"

"म्हणून तर."

दुपारभर बेल वाजली नाही. आम्ही दोघी स्वयंपाकघरात चहा पीत बसलो. बाळ मध्ये चुळबुळलं तर शेवंतीबाईंनीच उचलून खांद्यावर थोपटलं. दर्शना दिवेलागणीला उठली. गालावर उशीची घडी उमटलेली, डोळे कसे स्वच्छ. तिनं फोन उघडला आणि किंचाळली.

"आई! माझ्या टाक्यांना थोरल्या काकांनी हात जोडलेत!"

"त्यात काही खोटं आहे का?" मी विचारलं.

तिनं उशीत तोंड खुपसलं. खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडते. जवळ जाऊन बघते तर हसत होती, टाक्यांवर हात दाबून.

"आई," ती उशीतूनच म्हणाली, "उद्याच्या दुपारसाठी सांगण्यासारखं काही उरलंय का गं?"

"मूळव्याध राहिलीय," मी हळूच म्हटलं.