गाठ न मारता

लालबागच्या त्या चाळीत जिन्याखाली एक फळा आहे. दर रविवारी चाळीतलं एक पोर त्यावर दिसायला सारखे पण अर्थाने वेगळे असे दोन शब्द लिहितं आणि खाली एखाद्या वाक्प्रचाराची जन्मकथा. संध्याकाळी सातला माणसं जमतात, वाचतात, उलटतपासणी घेतात. लिहिलेलं टिकलं नाही, तर खडूची डबी दुसऱ्या पोराकडे जाते.

सहावीतल्या मेघनाला ही डबी वर्षभर वाट पाहून मिळाली होती. आजचा तिचा दुसराच रविवार. तिने लिहिलं होतं : 'सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे धागा.' त्याखाली : 'सूत जुळणे. हा वाक्प्रचार आपल्या गिरण्यांत जन्मला.'

पाचच्या सुमारास दुसऱ्या मजल्यावरचा यशोधन क्लासवरून आला आणि फळ्यापुढे थांबला.

"कोणी सांगितलं हे?"

"आनंदा आजोबांनी. गिरणीत होते ते."

"असतील ना. पण गिरण्या यायच्या आधी लोक काय उघडे फिरायचे? सूत तेव्हाही होतंच की. सातला विचारणार हं मी."

तो वर गेला. मेघनाने डबी उचलली आणि तिसरा मजला गाठला.

गणपती चार दिवसांवर आले होते. आनंदा आजोबांची बायको, रखमा आजी, दारातच बसून कापसाचं वस्त्र करत होती. आजोबांनी यशोधनचं म्हणणं ऐकलं आणि हात झटकला.

"त्याला काय कळतंय? अर्धी भाषा गिरणीतून आलीय."

"ह्यांना विचारशील तर चहासुद्धा गिरणीतच उगवला," आजी मान वर न करता म्हणाली. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही."

मेघनाला हसू आलं, पण तिच्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. "आजोबा, सूत 'जुळलं' असं का म्हणतात? 'बांधलं' का नाही?"

या प्रश्नाने आजोबा खुलले. त्यांनी आजीसमोरचा कापूस ओढला. "कातायच्या खात्यात सूत सारखं तुटायचं. गाठ मारली तर ती पुढे कापडात दिसते. म्हणून तुटलेलं टोक यंत्रातून येणाऱ्या कापसाला नुसतं टेकवायचं. बाकी पीळ बघून घेतो."

त्यांनी कापसाचा धागा वळला, तोडला, टोक पुन्हा कापसाला टेकवून पीळ दिला आणि धागा जुळला. मेघनाने ओढून पाहिला. तुटला नाही.

तेवढ्यात तिची नजर आजीच्या हातांकडे गेली. वस्त्राचा कापूस संपत आला होता. आजीने टोकावर नवा पुंजका ठेवला, बोटांनी पीळ दिला आणि पुढे सरकली. गाठ नाहीच.

"आजी, हे तुम्हाला आजोबांनी शिकवलं?"

"ह्यांनी? माझ्या आयेनं शिकवलं गो, गावाक. तिला तिच्या आयेनं. मुंबई कोणी बघितली होती तेव्हा."

आजोबांनी आपला धागा उचलून आजीच्या वस्त्राशेजारी धरला. ते चिडले, असं वाटून मेघना डबी घट्ट धरून बसली. मग ते म्हणाले, "मला गिरणीत शिकवलं. मी समजलो, तिथेच सुरू झालं."

"मग आता काय लिहू?"

"जेवढं बघितलंस तेवढं लिही."

सातला फळ्यावर होतं : 'सूत जुळणे. जन्म कुठे, अजून कळलेलं नाही. गिरणीत सूत गाठ न मारता जुळवत. त्याआधी कोकणात वस्त्राचा कापूसही तसाच जुळवत. दुपारी मी चुकीचं लिहिलं होतं.'

"चूक कबूल केलीस ना? मग डबी दे," यशोधन म्हणाला.

सगळे चाळीचा फळा सांभाळणाऱ्या धम्मपाल काकांकडे बघू लागले. इतक्यात जिन्यावरून आनंदा आजोबांचा आवाज आला. "चूक माझी. डबी काढायची तर माझ्याकडून काढा."

"तुमच्याकडे डबी आहेच कुठे?" आजी मागून म्हणाली. लोक हसले.

धम्मपाल काकांनी फळा पुन्हा वाचला. "सातला जे लिहिलेलं असेल, ते टिकतंय का, एवढंच बघायचं. यशोधन, टिकतंय?"

यशोधनने डोकं खाजवलं. "'कळलेलं नाही' हे कसं खोडणार?" मग हळूच म्हणाला, "आजी, पण गाठ न मारता होतं कसं?"

रखमा आजीने मूठ उघडली. कापूस तिने बरोबरच आणला होता. मेघनाने डबी बगलेत धरली आणि सगळ्यांच्या आधी वाकली.