ढोलीची फट

मी वालावलच्या जानकीकाकींच्या बागेतला रायवळ आंबा बोलतोय. बोलतोय कसला, करवादतोय. आंब्याचं ऐकतंय कोण म्हणा!

काकींच्या सासऱ्यांनी कोय पुरली आणि मी उगवलो. वय झालं तशी बुंध्यात ढोली पडली. लोक म्हणाले, पाडा, सरपण होईल. काकींनी हात लावू दिला नाही, कारण दर फाल्गुनात त्या ढोलीत धनेशाची मादी अंड्यांवर बसायची. ती आत शिरते, ढोलीचं तोंड लिंपून घेते आणि चोच जाईल एवढीच फट ठेवते. नर त्या फटीतून तिला फळं भरवतो. दोन-अडीच महिने तिचा जीव त्या फटीवर.

बासष्ट साली गावात बाळंतिणींसाठी दवाखाना बांधायचं ठरलं. काकींची लेक अडली होती, ती कुडाळच्या वाटेवर बैलगाडीतच गेली. म्हणून काकींनी एका रविवारी बाग सगळ्यांना उघडी केली. चार आणे द्या, पाखरं बघा, पैसे दवाखान्याला.

मुंबईहून त्यांचा पुतण्या महादू मदतीला आला. स्वभावानं सोनं, पण उत्साह उतू जाणारा. आदल्या संध्याकाळी त्यानं सगळ्या बुंध्यांना चुना आणि गेरू फासला. माझ्या ढोलीत साप असेल, एखाद्या पोराला चावेल, म्हणून शिडी लावून ती फटसुद्धा चुन्यानं बुजवली. अरे मेल्या, आत लेकुरवाळी बसलीय! पण सांगू कसं?

सकाळी ही गर्दी. नर चोचीत उंबरं घेऊन आला, चुन्यावर ठकठक करून परत गेला. तीनदा आला. माणसं टाळ्या वाजवत होती. एक गृहस्थ बायकोला समजावत होते, तो घर बांधतोय. माझं डोकंच फिरलं. एखादी वाळकी फांदी त्यांच्या टोपीवर टाकावी असं वाटलं, पण वारा कुठला!

काकी फाटकाशी पाहुण्यांच्या स्वागतात होत्या. दुपारी आल्या आणि वर बघितलं.

"महादू, फट खंय गेली?"

"मी बुजवलंय, काकी. आत जनावर आसात म्हणान."

काकींनी पदर खोचला, कोयती घेतली आणि साठीची ती बाई शिडी चढली. चुना फुटला. बराच वेळ आत काही हललं नाही. मग चोच बाहेर आली. महादू शिडी धरून रडला.

तेवढ्यात गर्दीतून एकजण म्हणाला, "आम्ही आत्ताच आलो, परत एकदा दाखवा ना."

दवाखाना झाला. तिथल्या बाळांचं रडणं इथवर ऐकू येतं आणि मला खरंच बरं वाटतं. पण त्या साली पिल्लं उडाली, आणि ती जोडी पुन्हा फिरकली नाही. महादूनं माझ्या अंगावर खिळ्यांनी पाटी ठोकलीय, 'धनेशाचे घर. शांतता राखा.' सहा वर्षं लोक दबक्या आवाजात, माना वर करून रिकामी ढोली बघताहेत. काकी रोज संध्याकाळी येतात, पाटीवरची धूळ पदरानं पुसतात आणि वाट बघत उभ्या राहतात.

कुणीतरी सांगा हो त्यांना. पाटी काढा. इथे आता कुणी राहत नाही.